रौप्यमहोत्सवाला वाजवायचं काय?

वर्तमानपत्राचा वर्धापनदिन सोपा असतो. पहिल्या अंकाचं पहिलं पान पुन्हा छापायचं, त्यातली एखादी जुनी जाहिरात दाखवायची, की वाचक खूश. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाला वर्गावर्गांचे फोटो मांडले की साठीतली मंडळी चष्मा पुसत तिसऱ्या रांगेत स्वतःला शोधत बसतात. साखर कारखान्याजवळ गाळपाचे आकडे असतात, पतसंस्थेजवळ ठेवींचे. रेडिओ केंद्राजवळ काय असतं? इमारत असते, मनोरा असतो, हजेरीपट असतो. पण ज्यासाठी हे सगळं उभं केलं ते सकाळच्या सभेत बोललं गेलं आणि तिथल्या तिथे संपलं. ऐकलं त्याने ऐकलं.

त्यामुळे एखाद्या स्थानिक केंद्राच्या पंचविशीचा कार्यक्रम आखायचा म्हटला, तर बाकीचं सगळं भराभर ठरतं. प्रमुख पाहुणे, सत्कारमूर्ती, दारातली रांगोळी, स्मरणिकेच्या जाहिराती, शाल-श्रीफळ. अडतं ते एकाच जागी. त्या दिवशी वाजवायचं काय?

आकाशवाणीच्या वर्धापनदिनाचा आपल्याकडे एक ठरलेला साचा आहे आणि तो वाईट नाही. पहिल्या सभेत विशेष उद्घोषणा, मग केंद्रप्रमुखांचं मनोगत. दिवसभर जुन्या निवेदकांच्या गप्पा आणि मधून मधून श्रोत्यांचे फोन. संध्याकाळी निमंत्रितांसमोर सुगम संगीताची मैफल किंवा कविसंमेलन, जे ध्वनिमुद्रित करून पुढच्या आठवड्यात वाजवायचं. शाळेची मुलं स्टुडिओ बघून जातात. जाड दरवाजा, भिंतीवरच्या भोकाभोकांच्या पाट्या आणि दारावरचा लाल दिवा बघून ती हमखास गप्प होतात. सगळ्यात रंगतो तो श्रोता मेळावा. इतकी वर्षं नुसता कानाने ओळखीचा असलेला माणूस समोर येतो आणि तो आपण मनात उभा केला होता त्याच्यापेक्षा अगदीच किरकोळ निघतो. निवेदकांचीही तीच गत होते. पत्रांतून माहीत झालेलं एखादं नाव प्रत्यक्षात बारीक चणीच्या आजी म्हणून समोर उभं राहतं. त्यांनी कित्येक वर्षं फर्माइशी धाडलेल्या असतात, आणि कोणतं गाणं लावलं नाही तेही त्यांच्या पक्कं लक्षात असतं.

हे सगळं मला आवडतं. माझी तक्रार एवढीच आहे की या सोहळ्यात केंद्राचं वय दिसतं, त्याचा आवाज ऐकू येत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, आणि एस.टी.च्या रांगेत अजून नगरच. आकाशवाणीचं नगर केंद्र १००.१ मेगाहर्ट्झवर ऐकू येतं. देशातलं पहिलं स्थानिक केंद्र तमिळनाडूत नागरकोइलला ३० ऑक्टोबर १९८४ रोजी सुरू झालं. त्यानंतर सातव्या पंचवार्षिक योजनेत जिल्ह्याजिल्ह्यांत अशी केंद्रं काढायची आखणी झाली. सातारा, सोलापूर, बीड, उस्मानाबाद, धुळे, नांदेड, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर आणि आपलं नगर ही सगळी याच पिढीतली भावंडं. कल्पना साधी होती. मुंबई-पुण्याच्या केंद्रांनी अख्ख्या प्रदेशाशी बोलावं आणि या छोट्या केंद्रांनी एका जिल्ह्याशी. माणसं थोडी, स्टुडिओ लहान, बहुतेक ठिकाणी मीडियम वेव्हऐवजी एफएम. रेकॉर्डर खांद्याला लावून गावात जायचं आणि गावातल्या माणसाला बोलतं करायचं, हे या केंद्रांचं मुख्य काम ठरलेलं होतं. ही योजना ज्याने कागदावर मांडली त्याला जिल्हा म्हणजे काय ते समजलेलं होतं, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

फक्त नगर जिल्ह्याची गोष्ट वेगळी आहे. क्षेत्रफळ सतरा हजार चौरस किलोमीटरच्या वर, तालुके चौदा, राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा. एफएमची लहर बहुतेक सरळ रेषेत जाते, डोंगर आडवा आला की अडते. पठारावर पारनेर, राहुरी, नेवासा या बाजूंना ती सुखाने पोचते. पण अकोले तालुका नगरपासून शंभराहून अधिक किलोमीटर, आणि त्यातच कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सगळ्यात उंच शिखर. त्या डोंगरांच्या पोटात बसलेल्या वाड्या-पाड्यांना आपल्याच जिल्ह्याचं केंद्र नीट लागणं कठीण. उलट जामखेड-कर्जतकडचा माणूस सुई थोडी सरकवून बीड नाहीतर सोलापूर ऐकतो. म्हणजे 'जिल्ह्याचं केंद्र' हे नाव प्रशासनाचं झालं. लहरींनी स्वतःचा एक वेगळाच जिल्हा आखला आहे, आणि वर्धापनदिनाला फोन येतात ते त्या जिल्ह्यातून.

या केंद्राने नेमकं काय केलं, असं कुणी विचारलं तर मी एकच गोष्ट सांगेन. त्याने गावांची नावं घेतली. रेडिओवर तोवर नाव यायचं ते मुंबईचं, दिल्लीचं, फार तर अहमदनगरचं, तेही दुष्काळ पडला किंवा मंत्री आले तर. स्थानिक केंद्र आल्यावर पाथर्डी, शेवगाव, श्रीगोंद्याच्या आतली, नकाशावर शोधावी लागतील अशी गावं रोज हवेत जाऊ लागली. पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर आवडतं गाणं लिहून धाडायचं, खाली घरातल्या सगळ्यांची नावं, शेजारच्या दोन पोरांचीही घालायची, आणि मग ठरलेल्या दिवशी सेटजवळ बसायचं. गाणं कधी लागायचं, कधी नाही. पण नावं वाचली जायची, गावासकट. त्या दिवशी गाण्यापेक्षा गावाचं नावच मोठ्याने ऐकलं जायचं. बाजारभाव, पाण्याचं आवर्तन, कांद्यावरचा करपा, भरतीच्या जाहिराती, यात्रेचे दिवस हे सगळं त्याच्या मागोमाग आलं. सध्याच्या व्हॉट्सॲपच्या काळात या गोष्टीचं अप्रूप समजावून सांगायला मला पाच मिनिटं लागतात, आणि तरी समोरचा कॉलेजचा पोरगा विनम्रपणे मोबाइलकडे बघत राहतो.

पण नगरकरांच्या रेडिओचं वय या केंद्राच्या वयापासून मोजायला मी तयार नाही. ते त्याच्या बरंच आधीचं आहे. पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ रोजी. त्याच्या आधी मुंबई होती. २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने मुंबईहून प्रसारण सुरू केलं, तिथून आपल्याकडच्या संघटित नभोवाणीचा हिशेब धरतात. नगरच्या खेड्यांपर्यंत सातत्याने मराठी बोलणारा रेडिओ आला तो पुण्याचा. आणि पुणे केंद्र सुरू होऊन पुरती तीन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा या जिल्ह्यात रेडिओच्या इतिहासातला एक मोठा प्रयोग झाला. त्याचा वर्धापनदिन कुणी साजरा केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

साल १९५६, फेब्रुवारी ते एप्रिल. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने पुणे केंद्रावरून शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातले मराठी मुलखाचे पाच जिल्हे निवडले: पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. सुमारे दीडशे गावं. गावोगाव पंधरा-वीस जणांचं एक मंडळ, त्याला एक चिटणीस, आणि बॅटरीवर चालणारा एक सेट. आठवड्यातून दोनदा अर्धा तास खास या मंडळांसाठी कार्यक्रम, दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम. इथवर काही विशेष नाही, सामुदायिक रेडिओ सेट त्याआधीही होते. खरी मेख पुढे होती. कार्यक्रम संपला की उठायचं नाही. ऐकलेल्यावर आपसांत बोलायचं, पटलं का, आपल्या गावात जमेल का, अडचण काय. ती चर्चा चिटणिसाने लिहून काढायची, शंका पुण्याला पाठवायच्या, आणि पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं यायची. कॅनडातल्या शेतकरी मंडळांचा धडा समोर होता. वाचा, ऐका, चर्चा करा आणि करून दाखवा, असं त्यांचं सूत्र होतं. आपल्याकडे त्यातलं 'वाचा' गळलं, आणि का गळलं हे १९५६ च्या खेड्याकडे पाहिलं की कळतं.

प्रयोग उपयोगी ठरला की नाही हे तपासायचं काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं, आणि ते केलं पॉल नॉयराथ यांनी. हा माणूस व्हिएन्नाचा. नाझींनी त्याला डाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांत टाकलं होतं. तिथून सुटून तो अमेरिकेत गेला, छळछावणीतल्या समाजाचा अभ्यास करून त्याने कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली, आणि पुढे न्यूयॉर्कला प्राध्यापकी करता करता इथे आला. माणसाला माणूस न ठेवणारी व्यवस्था ज्याने आतून पाहिली, तो आता मराठी खेड्यातली चावडी बघत होता. तिथे माणसं रेडिओभोवती बसून आपल्या गावाचं काय करायचं ते ठरवत होती. त्याच्या मनात काय आलं असेल ते मला ठाऊक नाही. त्याचा अहवाल मात्र कोरडा, नेटका, आकडेवारीचा आहे. तेव्हाचे आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर आणि नॉयराथ या दोघांच्या नावावर तो युनेस्कोने १९५९ मध्ये पुस्तकरूपाने काढला. माथुर स्वतः आयसीएस अधिकारी आणि हिंदीतले नावाजलेले नाटककार, 'कोणार्क'चे लेखक. अशी जोडी सरकारी अहवालाला पुन्हा मिळाली असेल का, शंकाच आहे.

अहवालाचा निष्कर्ष आजही कुठल्याही केंद्राच्या सभागृहात मोठ्या अक्षरांत लावावा असा आहे. मंडळ असलेल्या गावांची तुलना दोन प्रकारच्या गावांशी केली होती. काही गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, काहींत रेडिओच नव्हता. मंडळाच्या गावांत माहिती झपाट्याने वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे पेटीने काही होत नाही. पेटीभोवती बसून माणसं बोलली तर होतं. आणखी एक गोष्ट पुढे आली. एरवी गावात ज्यांना बोलायला वाव नसायचा अशी माणसंही मंडळात बोलू लागली होती. पुढे ही मंडळं देशभर नेली गेली, आणि सरकारी योजना पसरताना जे होतं तेच हळूहळू त्यांचं झालं. सेट नादुरुस्त, चिटणिसाची बदली, पुण्याहून उत्तर नाही. पण पहिल्या दहा आठवड्यांचं काम पक्कं होतं. जगभरच्या संज्ञापन अभ्यासात त्याचा दाखला दिला जातो. नगर जिल्ह्याच्या कुठल्या गावांत ती मंडळं बसली, हे नगरच्या शाळेत कुणी सांगत नाही.

१९५६ पासून मोजलं तर याला सत्तर वर्षं होतात. रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव दोन्ही गुपचूप निघून गेले. त्या चर्चांचा आवाज कुठे असेल? नसणारच. मंडळांची चर्चा मुळात ध्वनिमुद्रित करायची सोय नव्हती. पण जे कार्यक्रम पुण्याच्या स्टुडिओत तयार झाले त्यांचं तरी काय झालं, असा प्रश्न पडतो, आणि तो आपल्याला टेपच्या कपाटापाशी आणून सोडतो.

रेडिओ केंद्रावर ज्यांनी स्पूलवर काम केलं आहे त्यांना हे सांगायला नको. पाव इंची टेप सेकंदाला साडेसात इंच या वेगाने धावायची, अर्ध्या तासाला हजार-बाराशे फूट लागायची. ही टेप महाग होती, तिचा कोटा ठरलेला होता. म्हणून भाषण प्रसारित झालं, मानधनाचा चेक निघाला, की टेप इरेझरवर ठेवायची. चुंबक फिरला की कीर्तन, मुलाखत, शेतीतज्ज्ञ, सगळं कोरं. त्याच टेपवर पुढच्या आठवड्याचं काम. जतन करण्याजोगं वाटलं तर ग्रंथालयात, आणि फारच मोलाचं असेल तर मोठ्या संग्रहाकडे. आणि मोलाचं म्हणजे काय? मोठा गवई, मोठा पुढारी, मोठा साहित्यिक. नेवाशाच्या शेतकऱ्याने ठिबकबद्दल पाच मिनिटं सांगितलेलं कोण ठेवणार? नावडत्या अधिकाऱ्याने मुद्दाम पुसलं, अशी ही गोष्ट नाही. काटकसरीने पुसलं. त्याहून वाईट म्हणजे सगळ्यांनीच पुसलं.

लंडनची बीबीसीही याला अपवाद नाही. १९६३ मध्ये सुरू झालेल्या 'डॉक्टर हू' या दूरचित्रवाणी मालिकेचे बरेच सुरुवातीचे भाग त्यांनी पुढे पुसून टाकले. चित्र गेलं. पण आवाज एकाही भागाचा गेला नाही, कारण घरोघरच्या पोरांनी टेपरेकॉर्डरचा माइक टीव्हीसमोर धरून भाग टिपून ठेवले होते. संस्थेने टाकलं ते प्रेक्षकांनी ठेवलं. २०२२ मध्ये बीबीसीने शंभरी साजरी केली तेव्हा तिच्या वैभवात या घरगुती टेपांचाही वाटा होता.

आपल्याकडचा सगळ्यात लाडका दाखला घेऊन बघा. 'गीतरामायण' पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, आणि ज्यांच्या आग्रहाने हे घडलं ते सीताकांत लाड. बावन्न आठवड्यांची बावन्न गाणी असा बेत होता. त्या वर्षी अधिक भाद्रपद आला आणि गाणी छप्पन झाली. पंचांगाने रेडिओच्या वेळापत्रकात केलेला इतका गोड हस्तक्षेप दुसरा माहीत नाही. त्याचा रौप्यमहोत्सव झाला, सुवर्णमहोत्सव झाला, दोन्ही थाटात. पण त्या सोहळ्यांत लोकांच्या कानात जे वाजत होतं ते बाबूजींच्या, म्हणजे फडक्यांच्या, एकट्याच्या आवाजातलं, मंचावरचं आणि रेकॉर्डवरचं रामायण. आकाशवाणीवर पहिल्यांदा झालं ते अनेक आवाजांचं होतं. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके, मालती पांडे. ते आज किती जणांना ऐकून माहीत आहे? म्हणजे मराठी रेडिओची सगळ्यात मोठी निर्मितीसुद्धा आपल्या मनात टिकली ती रेडिओबाहेरच्या रूपात. मग नगरच्या सकाळच्या सभेची काय कथा.

खाजगी एफएमच्या वाढदिवसाकडे मी जरा घाईने जातो, कारण तिथे फार रेंगाळावं असं काही नाही. नगर शहरात रेडिओ सिटीसारख्या वाहिन्या आल्या त्या २००६ च्या, परवान्यांच्या दुसऱ्या टप्प्यातल्या बोलीनंतर. वर्धापनदिन म्हणजे दिवसभर बक्षिसं, श्रोत्यांना फोनवर कोडी, एखाद्या मॉलमध्ये आरजेसोबत सेल्फी, शहरभर होर्डिंग. मजा असते, नाही असं नाही, आणि नगरच्या बोलीतला खटका या पोरांनी माइकवर आणला हे मान्य करायला हवं. गोम अशी की या वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगीच नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, तेवढंच. त्यामुळे त्यांच्या वीस वर्षांत शहराचा इतिहास सापडत नाही, फक्त शहराची गाणी सापडतात. शिवाय त्यांचं खरं वय परवान्यावर लिहिलेलं असतं. दुसऱ्या टप्प्यातले परवाने दहा वर्षांचे होते. पुढे तिसऱ्या टप्प्यात गेलेल्यांना १ एप्रिल २०१५ पासून पंधरा वर्षं मिळाली. हिशेब करा, ३१ मार्च २०३०. केक कापणाऱ्याच्या मनात ती तारीख असतेच.

सामुदायिक रेडिओचं प्रकरण याहून हृद्य आणि याहून काटकसरीचं. डिसेंबर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि नोव्हेंबर २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांना परवानगी मिळाली. मनोरा तीस मीटरपर्यंत, ताकद शंभर वॅट, आवाज दहाएक किलोमीटर. नगरमध्ये स्नेहालय या संस्थेचा 'रेडिओ नगर ९०.४' याच वाटेने आला. लाल बत्ती भागातल्या बायका-मुलांसाठी उभी राहिलेली संस्था स्वतःचा रेडिओ काढते, हीच मुळात बातमी होती. राहाता तालुक्यात बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्राचाही स्वतःचा रेडिओ आहे. तो प्रवरेचा परिसर. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना इथेच उभा केला. १९५६ ची श्रोतृमंडळं आणि हे बाभळेश्वरचं केंद्र यांच्यात मला सरळ नातं दिसतं. शेतकऱ्याला प्रश्न पडतो, आणि उत्तर देणारा माणूस चार गावांपलीकडे बसलेला असतो, पुण्याला नाही.

या छोट्या केंद्रांचा वाढदिवस म्हणजे बहुधा गावातल्या बचतगटाच्या बायका, शाळेतली मुलं आणि मंडपातला चहा. पण या क्षेत्राचा एक वाढदिवस मात्र कामाचा झाला. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातलं 'अण्णा एफएम' हे देशातलं पहिलं सामुदायिक केंद्र, १ फेब्रुवारी २००४ चं. त्याच्या विशीनिमित्त तिथेच १३ फेब्रुवारी २०२४ ला, जागतिक रेडिओ दिनी, संमेलन भरलं आणि केंद्र सरकारने त्यात नवे नियम जाहीर केले. तासाला सात मिनिटांच्या जाहिराती बारा मिनिटांपर्यंत चालतील. सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ रुपये होता तो ७४ झाला. ऐकायला किरकोळ. ज्याने असं केंद्र चालवलं आहे त्याला विचारा, महिन्याचं वीजबिल आणि दोन पोरांचा पगार त्या बावीस रुपयांच्या फरकावर कसा उभा राहतो ते. वाढदिवसाला भेटवस्तू द्यायची तर अशी द्यावी. शाली-श्रीफळांपेक्षा हे बरं.

दिवाळी अंकात लिहितो आहे म्हणून एक तारीख सांगितल्याशिवाय राहवत नाही. १२ नोव्हेंबर १९४७, स्वातंत्र्यानंतरची पहिली दिवाळी. कुरुक्षेत्राच्या छावणीतल्या निर्वासितांना भेटायला जाणं जमलं नाही म्हणून गांधीजी दिल्लीच्या आकाशवाणी भवनात आले आणि माइकवरून त्यांच्याशी बोलले. आकाशवाणीच्या स्टुडिओत ते आले ते एवढ्या एकाच वेळी. २००० पासून हा दिवस सार्वजनिक प्रसारण दिन म्हणून पाळतात. पण त्याच्या बरोबर पाच वर्षं आधी, १२ नोव्हेंबर १९४२ ला, मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांचा भूमिगत काँग्रेस रेडिओ पोलिसांनी धाड घालून बंद पाडला होता. ज्यांच्या अटकेनंतर हा रेडिओ सुरू झाला ते नेहरू, वल्लभभाई, मौलाना आझाद त्या वेळी कुठे होते? आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात. २७ ऑगस्टला पहिलं प्रसारण आणि नोव्हेंबरात शेवट, म्हणजे जेमतेम अडीच महिने चाललेलं केंद्र. त्याला पंचविशी नाही, पन्नाशी नाही. तरी त्याची आठवण निघते, आणि पंचवीस वर्षं इमानेइतबारे चाललेल्या केंद्रांची निघत नाही. वयावर काही नसतं, हेच खरं.

याच नगरजवळ मेहेराबाद आहे. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ ला मौन धरलं ते १९६९ मध्ये देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. त्यांचे अनुयायी दरवर्षी तो दिवस न बोलता पाळतात. २०२५ मध्ये त्या मौनाला शंभर वर्षं झाली. आता २३ जुलै २०२७ ला देशातल्या नभोवाणीची शंभरी येते आहे, पाठोपाठ २०२८ मध्ये पुणे केंद्राची पंचाहत्तरी. मौनाची शताब्दी पाळायला काही लागलं नाही. आवाजाच्या शताब्दीला आवाज लागणार आहे, आणि तो कपाटात नाही.

तो आहे श्रोत्यांकडे, अशी माझी समजूत आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत घरात टेपरेकॉर्डर आला तेव्हा लोकांनी रेडिओवरून भरपूर टिपलं. मामाचं भजन लागलं तेव्हा, मुलीने 'बालसभे'त कविता म्हटली तेव्हा, आपलं नाव वाचलं जाणार म्हणून. केंद्राने पुसलेली ती पाच मिनिटं शेवगावच्या एखाद्या माळ्यावर, वरातीच्या कॅसेटच्या उलट्या बाजूला, अर्धवट बसलेली असू शकतात. लोककलावंतांच्या घरांत त्याहून जास्त सापडेल. संगमनेरच्या तमाशा फडांकडे, शाहिरांकडे, अकोले तालुक्यातल्या बोहाड्याच्या वाद्यवाल्यांकडे. आकाशवाणीवर कार्यक्रम झाला ही त्यांच्यासाठी मोठी गोष्ट होती आणि त्यांनी ती जपून ठेवली. कॅसेट नसेल तिथे करारपत्र असेल, तारीख आणि मानधन लिहिलेलं, लॅमिनेट करून भिंतीवर लावलेलं. नुसती ती करारपत्रं गोळा केली तरी केंद्राने कुणाला बोलावलं आणि कुणाला नाही याचा इतिहास लिहून होईल. तो सगळा गौरवाचा निघेलच असं नाही.

म्हणून पुढच्या वर्धापनदिनाला श्रोत्यांना नुसतं 'या' म्हणू नये, 'घरात असेल ते घेऊन या' म्हणावं. मंडपाच्या एका कोपऱ्यात दोन चांगले डेक आणि एक लॅपटॉप ठेवावा. कॅसेट ज्याची त्याला परत, आवाजाची प्रत केंद्राला. पाठीमागे कोण बोलतंय, गाव कुठलं, साल कुठलं, हे तिथल्या तिथे मालकाला विचारून लिहून घ्यावं, कारण दहा वर्षांनी ते सांगणारं कुणी नसेल. खर्च फार नाही, जुन्या डेकचे हेड साफ करणारा कारागीर मात्र आधी शोधून ठेवायला हवा. आणि घाई करून चालत नाही. कॅसेट संगणकात उतरवायला ती वाजते तेवढाच वेळ लागतो, साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं, आणि तिसाव्या मिनिटाला ती उलटी करायला तिथे कुणीतरी बसलेलं असावं लागतं.